लाल आकड्यांचा टायमर



मी समीक्षक नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. त्यामुळे एका साध्याच सिनेमावर बोलतो. रोहित शेट्टींचा ‘सूर्यवंशी’. 5 नोव्हेंबर 2021 ला, ऐन दिवाळीत आला. कोविडनंतर थिएटरं नुकतीच उघडलेली, आम्ही चौघे दोस्त गेलो. 1993 साली आणलेल्या आरडीएक्सपैकी 600 किलो अजून दडवलेलं आहे आणि एटीएसचा अक्षय कुमार ते शोधतोय, एवढीच गोष्ट. मोटारी उडतात, हेलिकॉप्टर येतं. पैसे वसूल, पण घरी येईपर्यंत अर्धा विसरलो.

एक प्रसंग मात्र विसरलो नाही. बॉम्बच्या धोक्यातून गणपतीची मूर्ती हलवायची असते आणि मुसलमान पुढे येऊन हात लावतात. थिएटरात टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. नंतर वाटलं, या सिनेमात मुसलमान एकतर बॉम्ब ठेवतो, नाहीतर मूर्ती उचलून आपण चांगले असल्याचं दाखवतो. बॉम्बमध्ये मरणारा मुसलमान कुठे आहे?

मालेगाव आपल्यापासून काही लांब नाही. मी राहुरीचा. कोपरगाव, येवला, मनमाड करत गेलं की आलंच. 8 सप्टेंबर 2006, शुक्रवार, शबे-बरातचा दिवस. बडा कब्रस्तानजवळ नमाज संपताना स्फोट झाले, तीसहून अधिक माणसं गेली. अटक झाली नऊ मुस्लिमांना. 2016 मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं. पुढे 29 सप्टेंबर 2008 ला, रमजानमध्ये, भिक्कू चौकात स्फोट. सहा मृत्यू.

तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. मिनी प्रोजेक्ट म्हणून टायमर बनवला होता. 555 आयसी, वर सेव्हन सेगमेंट डिस्प्ले, लाल आकडे उलटे मोजत जायचे. मला त्याचं फार कौतुक. दिवाळीच्या सुट्टीत घरी नेऊन दाखवायचा होता. अब्बांचा फोन आला, “बेटा, तो डबा एसटीत आणू नको.” मी विचारलं, का? ते म्हणाले, “आणू नको म्हटलं ना.” के. के. रेंजच्या तोफांचा आवाज ऐकत आम्ही मोठे झालो. तिथल्या गोळ्यांचं भंगार फोडताना आसपासच्या गावांतली माणसं मेली आहेत. स्फोट काय असतो हे अब्बांना ठाऊक होतं. पण त्या दिवशी ते स्फोटाला घाबरले नव्हते. टायमर मी हॉस्टेलमध्येच सुटा केला.

आता मुद्द्यावर येतो. सिनेमातल्या बॉम्बतज्ज्ञाचं काम शेवटच्या दहा सेकंदांत असतं. खरं काम स्फोटानंतर सुरू होतं: जागा बंद करणं, तुकडे गोळा करणं, पंचनामा, सील, प्रयोगशाळा. आमच्याकडे सर्व्हर पडला तर आधी लॉग जपतात. कुणी घाईत सगळं पुसून पुन्हा चालू केलं, तर तो का पडला हे मग कुणीच सांगू शकत नाही.

2025 च्या जुलैत दहा दिवसांत दोन निकाल आले. 21 जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने 11 जुलै 2006 च्या लोकल स्फोटांतल्या बाराही जणांची शिक्षा रद्द केली. खालच्या न्यायालयाने त्यांतल्या पाच जणांना फाशी दिली होती. उच्च न्यायालय म्हणालं, बॉम्ब कोणत्या प्रकारचे होते हेसुद्धा सरकारी पक्षाने रेकॉर्डवर आणलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने नंतर सांगितलं की हा निकाल दाखला म्हणून वापरू नये, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलं नाही. मग 31 जुलैला मालेगाव 2008 चे सातही आरोपी निर्दोष सुटले. स्फोट झाला हे सिद्ध, पण बॉम्ब त्या मोटरसायकलमध्येच होता हे सिद्ध नाही, असं विशेष न्यायालयाने म्हटलं. घटनास्थळाच्या पंचनाम्यावर, नमुन्यांवर ताशेरे ओढले. मृतांच्या घरच्यांना दोन लाख द्यायला सांगितले.

आमच्या कॉलेजचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. 21 तारखेला अर्धा ग्रुप खूश, अर्धा संतापलेला. 31 ला अगदी उलट. दोन्ही वेळा न्यायालयं जवळजवळ एकच गोष्ट सांगत होती: पुरावा नाही. मीही 21 ला ‘शुक्र है’ लिहिलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. इतकी वर्षं आत गेलेल्या माणसांसाठी दुसरं काय लिहिणार? पण लोकलमध्ये 180 हून जास्त माणसं मेली, त्यांच्याबद्दल त्या दिवशी मी एक ओळही लिहिली नाही. दहा दिवसांनी मालेगावच्या सहा जणांबद्दल मात्र चार पॅरेग्राफ लिहिले. एका जुन्या मित्राने फक्त दोन्ही तारखांचे माझे मेसेज शेजारी ठेवून स्क्रीनशॉट पाठवला. खाली काही लिहिलं नव्हतं. राग आला, त्याचा नाही, माझाच.

सिनेमा संपतो तेव्हा गुन्हेगार सापडलेला असतो. त्या लोकलमधल्या आणि भिक्कू चौकातल्या मृतांच्या घरी आज एकच प्रश्न आहे, मग केलं कुणी? निर्दोष सुटलेले सुटले, ठीक. पण सतरा-एकोणीस वर्षं तपास करणाऱ्यांना हा प्रश्न आपण विचारतो का? दोन्ही घरांच्या वतीने?

माझा भाचा दहावीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी त्याने मोटारपंपाचा टायमर बनवलाय, सर्किट माझ्यापेक्षा चांगलं आहे. तालुक्याला एसटीने न्यायचा होता. त्याने विचारलं, “मामू, कशात ठेवू?” मी सहज म्हणावं तसं म्हणालो, “पारदर्शक डबा घे.”

त्याने विचारलं, का?