बिघाडाचा शोध : होडीवरील डिझेल यंत्राच्या निमित्ताने



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण आज येथे जमलो आहोत, त्यांच्या नावाने चालणाऱ्या या व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास आणि समाजकारण या विषयांवर विद्वानांची भाषणे झाली आहेत. त्या मालिकेत यंत्रशाळेत आयुष्य घालविलेल्या माणसाला पाचारण करून चालकांनी औदार्य दाखविले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. विषय निवडताना मात्र उसनी विद्वत्ता आणण्याचे मी टाळले आहे. पाण्यावर असताना होडीचे डिझेल यंत्र बंद पडले तर त्यातील बिघाड कसा शोधावा, एवढाच माझा आजचा विषय आहे.

सुरतेला हा विषय परका नाही. मुलताईजवळ उगम पावून सुमारे ७२४ किलोमीटर वाहत आलेली तापी खानदेश ओलांडून येथे समुद्राला मिळते. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांतील अनेक मराठी कुटुंबेही पोटापाण्यासाठी याच नदीच्या दिशेने खाली उतरली. या नदीचे मुख गाळाने उथळ झालेले असल्यामुळे मोठी गलबते पूर्वी सुवाळीच्या समुद्रात नांगरून ठेवावी लागत. जहाजबांधणीचे कसब तर येथे मुरलेले होते. १७३६ साली सुरतेचे लवजी नसरवानजी वाडिया मुंबईस गेले आणि त्यांच्या घराण्याने तेथील गोदीत जहाजे बांधली. त्यांपैकी १८१७ साली पाण्यात उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे जतन केलेले आहे.

शिडाच्या जागी यंत्र आले ते पुष्कळ नंतर. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचे यंत्र १८९७ साली ऑग्सबुर्ग येथे यशस्वीपणे चालले आणि १९१२ साली ‘सेलँडिया’ हे डिझेलवर चालणारे जहाज महासागराच्या सफरीवर निघाले. आपल्याकडे १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि मराठी मुलुखात ‘इंजिन’ हा शब्द शेतकऱ्याच्या तोंडी रुळला. विहिरीवरचे इंजिन बंद पडले तर पीक सुकते, होडीवरचे बंद पडले तर माणूस संकटात सापडतो. खंबायतच्या आखातात भावनगरच्या बाजूला भरती-ओहोटीतील फरक दहा मीटरच्या आसपास जातो. अशा पाण्याच्या ओढीत निर्जीव झालेली होडी कोठे जाईल, हे तांडेलाच्या हाती उरत नाही. म्हणून बिघाड शोधण्याची विद्या ही केवळ मिस्त्रीची विद्या नव्हे.

डिझेल यंत्राच्या गरजा मोजक्या आहेत. त्याला स्वच्छ इंधन लागते, पुरेशी हवा लागते, इंधन पेटेल इतकी उष्णता लागते आणि जळून झालेला धूर बाहेर जाण्यास मोकळी वाट लागते. पेट्रोलच्या यंत्राप्रमाणे येथे ठिणगी पाडावी लागत नाही. सिलिंडरमधील हवा मूळ आकारमानाच्या सोळाव्या ते विसाव्या हिश्शापर्यंत दाबली जाते. त्या दाबानेच ती पाचशे अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि नोझलमधून बारीक तुषारांच्या रूपाने आलेले डिझेल आपोआप पेट घेते. यंत्र बंद पडले म्हणजे या चारांपैकी काहीतरी तुटले आहे, असे समजावे.

यंत्र स्वतः बोलत नाही, पण त्याचा धूर बोलतो. काळा धूर असेल तर इंधनाच्या मानाने हवा अपुरी पडते आहे. निळसर धूर असेल तर वंगणाचे तेल जळते आहे. पांढरा धूर असेल तर डिझेल न जळताच बाहेर पडते आहे, किंवा सिलिंडरमध्ये पाणी शिरले आहे. आणि हँडल मारूनही धूर मुळीच दिसत नसेल, तर बहुधा इंधनच पोहोचलेले नाही. पान्हा हातात घेण्यापूर्वी एवढे पाहिले तरी निम्मा शोध झालेला असतो.

आता एक उदाहरण घेऊ. एका लहान होडीचे यंत्र सकाळी झोकात सुरू होते आणि वीस मिनिटांनी धापा टाकत बंद पडते. मिस्त्री फिल्टर उघडतो, नवा बसवितो, इंधनाच्या नळीत शिरलेली हवा काढतो आणि यंत्र सुरू होते. फिल्टर तुंबला होता, असा निर्णय होतो. वीस मिनिटांनी यंत्र पुन्हा बंद. मग नोझल बदलतात, यंत्र सुरू होते, वीस मिनिटांनी बंद. मग पंप काढून दुरुस्तीला पाठवितात. प्रत्येक उपाय लागू पडतो आणि प्रत्येक उपाय वीस मिनिटे टिकतो. ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ म्हणतात तो हा प्रकार.

दोष असतो टाकीच्या झाकणात. टाकीतून जितके डिझेल बाहेर जाते तितकी हवा आत यावी म्हणून झाकणाला एक बारीक भोक ठेवलेले असते. ते रंगाने किंवा मिठाने बुजले की टाकीत हवा विरळ होत जाते आणि शेवटी डिझेल खाली उतरेनासे होते. मिस्त्रीने फिल्टर उघडला त्याच क्षणी तेथून हवा आत ओढली गेली, विरळपणा भरून निघाला आणि यश नव्या फिल्टरच्या नावावर जमा झाले.

हे ओळखावे कसे? विद्यार्थिमित्रहो, उत्तर तुमच्या पुस्तकातील बॉइलच्या नियमात आहे. समजा, टाकी शंभर लिटरची आहे, ती यंत्राच्या वर सुमारे एक मीटर उंचीवर आहे आणि यंत्र तासाला दीड लिटर डिझेल पिते. टाकी जवळजवळ भरलेली, आत फक्त पाच लिटर हवा. अर्धा लिटर डिझेल गेले की तेवढी हवा साडेपाच लिटर जागेत पसरते आणि तिचा दाब सुमारे अकराव्या हिश्शाने उतरतो. एक मीटर उंचीच्या डिझेलचे वजन पेलून धरण्यास तेवढी घट पुरते आणि प्रवाह थांबतो. यास वीस मिनिटे लागतात. तीच टाकी अर्धी रिकामी असली तर आत पन्नास लिटर हवा असते आणि तितकीच घट होण्यास पाच लिटर डिझेल, म्हणजे तीन तासांहून अधिक वेळ लागतो. तेव्हा तांडेलाला एकच प्रश्न विचारावा : “दादा, टाकी भरलेली असली की लवकर बंद पडते का?” तो “हो” म्हणाला तर झाकण सैल करावे. आत हवा शिरल्याचा फुसकारा ऐकू आला की शोध संपला. या दुरुस्तीस लागते एक सुई.

यावरून निघणारा बोध मला यंत्राइतकाच माणसाच्या विचाराविषयी महत्त्वाचा वाटतो. उपायानंतर गुण आला एवढ्यावरून उपाय खरा ठरत नाही. तो का लागू पडला हे सांगता आले पाहिजे आणि तो टिकला पाहिजे.

दुसरा नेहमीचा बिघाड पाण्याचा. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात आणि टाक्या अर्ध्या रिकाम्या असतात. दमट हवेतील बाष्प टाकीच्या गार पत्र्यावर जमते आणि पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी उतरते. डिझेल आणि पाणी जेथे भेटतात तेथे सूक्ष्म जंतू वाढतात आणि त्यांचा बुळबुळीत थर फिल्टर भरून टाकतो. म्हणून बंदीच्या काळात टाकी भरून ठेवावी आणि पहिल्या सफरीपूर्वी तळाची तोटी उघडून स्वच्छ डिझेल येईपर्यंत पाणी काढावे. नव्या फिल्टरपेक्षा हे स्वस्त पडते.

थंड देशांतील होड्यांवर डिझेलवर चालणारी एक लहानशी शेगडीही असते. सुरतेत तिची गरज कोणाला पडणार, असे आपण म्हणाल. परंतु समुद्रावर नोकरी करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना ती भेटेल आणि तिचा धडा घरीही उपयोगी पडेल. तिच्या गरजा त्याच चार आहेत. दाब नसल्यामुळे उष्णता मात्र विजेने तापणाऱ्या कांडीतून मिळते. ही कांडी सुरुवातीला पुष्कळ विद्युत्प्रवाह ओढते. बॅटरी थकलेली असली किंवा तारेचा जोड गंजलेला असला की त्या क्षणी दाब कोसळतो आणि शेगडी पेटण्याआधीच बंद होते. शेगडी स्वस्थ असताना व्होल्टमीटर निर्दोष आकडा दाखवितो. मोजणी करावयाची ती शेगडीच्या टोकापाशी आणि कांडी तापत असताना. आजाऱ्याची नाडी त्याला ताप असताना पाहावी, तसे हे आहे. शेगडी सतत मंद ठेवली तर तिच्यात काजळी साचते. म्हणून अधूनमधून ती पूर्ण जोराने चालवावी लागते.

पण या सर्वांत एक बिघाड असा आहे की जो स्वतःची वर्दी देत नाही. धुराची नळी फुटली किंवा तुंबली आणि तो वायू बंद खोलीत शिरला, तर त्यातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो. तो रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. डोके दुखते, झापड येते आणि माणूस झोपेतच जातो. उत्तरेकडे बंद खोलीतील कोळशाच्या शेगडीने आणि आपल्याकडे न्हाणीघरातील गॅस गीझरने असे मृत्यू घडलेले आहेत. म्हणून शेगडी पेटत नसेल तर शोध सावकाश करावा, पण ती पेटलेली असताना डोके जड झाले तर शोध करीत बसू नये. आधी माणसे उघड्या हवेत आणावीत, मग शेगडी बंद करावी. बिघाडाचा विचार त्यानंतर.

माझ्या व्यवसायाने शिकविलेले चार नियम सांगून मी थांबतो. बिघाडापूर्वी शेवटचे काय बदलले होते ते विचारावे. जे फुकटात तपासता येते ते आधी तपासावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर गुण कोणत्या बदलाचा हे कधीच कळत नाही. आणि जे पाहिले ते तारखेनिशी वहीत लिहावे, कारण पुढच्या वेळी तेथे आपण नसू, दुसरा कोणी असेल.

ही वही म्हणजे पुढच्या पिढीसाठी ठेवलेली शिदोरीच होय. शिक्षकाचे कामही याहून निराळे नसते. कै. गुरुजींच्या स्मृतीला वंदन करतो.