अक्षरांना आवाज कुणाचा?

(राजूर, ता. भोकरदन, जि. जालना येथे बचतगटांतल्या बाया आणि कॉलेजातल्या मुली यांच्या एकत्र बैठकीत झालेलं भाषण. बोलण्याची भाषा आहे तशीच ठेवली आहे.)



विषय ऐकून काही जणींनी एकमेकींकडे बघितलं, ते मला दिसलं. मोबाइलच्या गेममध्ये अक्षरं उमटताना जो आवाज येतो, तो काय बायांच्या बैठकीचा विषय झाला? पाण्याचा प्रश्न आहे, रेशनचा आहे, दारूचा आहे, पोरींच्या लवकर होणाऱ्या लग्नांचा आहे. ते सगळं आहेच, आणि दुपारच्या सत्रात त्यावर बोलायचंच आहे. पण बाईचा आवाज कुठे उमटतो, तिच्या नावावर कोण काय लिहितं, हाही आपल्या चळवळीचा जुनाच प्रश्न आहे. आज तो एका नव्या ठिकाणी बघू. मुली हे रोज ऐकतात, पण त्यावर त्यांच्याशी कुणी बोललेलं नसतं.

आधी गोष्ट समजून घेऊ. गेममध्ये गोष्ट असली की त्यातली माणसं एकमेकांशी बोलतात. ते बोलणं पडद्याच्या खालच्या बाजूला चौकटीत लिहून येतं. सगळं एकदम येत नाही, एकेक अक्षर उमटत जातं, आणि अक्षराबरोबर 'टिक', 'पिप्', 'पुक्' असा बारीकसा आवाज येतो. शब्द वाचायचे आपण, पण आवाजामुळे वाटतं की समोरचं माणूस बोलतंय. काही गेममध्ये प्रत्येक अक्षराला आवाज असतो, काहींत एक सोडून एक अक्षराला. दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेत सहसा आवाज नसतो, म्हणून बोलण्याला लय येते.

ही पद्धत आली ती जागेच्या टंचाईतून. १९८६ साली जपानमध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट' नावाचा गेम निघाला. तो सगळा गेम, म्हणजे गोष्ट, चित्रं, संगीत धरून, ६४ किलोबाइटमध्ये बसवलेला होता. आज आपल्या फोनवर येणारा एखादा फोटोसुद्धा याहून मोठा असतो. तेवढ्या जागेत माणसाचा खरा आवाज भरायचा म्हटलं, तर साध्या प्रतीचा आठ सेकंदांचा आवाजच सगळी जागा खाऊन टाकेल. मग माणसांना बोलतं कसं करायचं? अक्षराला एक सूर जोडायचा. फार थोडी जागा लागते आणि काम भागतं.

ही युक्ती आपल्याकडच्या लोककलावंतांनी फार आधीच वापरली होती. राजस्थानचे कठपुतळीवाले तोंडात बांबूची छोटी शिट्टी धरतात, तिला ते 'बोली' म्हणतात. बाहुली त्या शिट्टीतून चिरक्या आवाजात 'बोलते'. त्यात शब्द नसतात. शेजारी ढोलक घेऊन बसलेलं माणूस तिचं बोलणं शब्दांत सांगतं, आणि ते माणूस बहुतेक वेळा त्या घरातली बाई असते. आवाज बाहुलीचा, अर्थ सांगणारी बाई. गेममध्ये तिच्या जागी लिहिलेली अक्षरं आली, एवढाच फरक.

आता आपल्या मुद्द्याकडे येऊ. हा सूर कुणाला कुठला द्यायचा, हे कुणीतरी ठरवतं.

२००१ साली जपानमध्ये वकिलाच्या गोष्टीचा एक गेम आला, बाहेरच्या देशांत तो 'एस ॲटर्नी' या नावाने ओळखला जातो. त्यात खून, साक्षीपुरावे, उलटतपासणी असं सगळं आहे आणि सगळं बोलणं अक्षरांत आहे. त्याला आवाज मुख्यतः तीन. पुरुष बोलला की जाडा. बाई बोलली की बारीक. तारीख नि ठिकाण उमटलं की टाइपरायटरचा. म्हणजे पुरुषांची एक जात, बायांची एक जात, आणि सरकारी कागदाची एक जात! न्यायाधीश, वकील, आरोपी हे सगळे एका सुरात. आणि त्यात जितक्या बाया आहेत, मग ती वकील असो की साक्षीदार पोरगी असो, त्या सगळ्या दुसऱ्या सुरात.

कुणी म्हणेल, निसर्गातच तसं आहे. थोडं खरं आहे. सर्वसाधारण पुरुषाचा बोलण्याचा सूर सेकंदाला सव्वाशे कंपनांच्या आसपास असतो, बाईचा दोनशेच्या आसपास. पण इथे बसलेल्या आपण सगळ्या एका सुरात बोलतो का? सत्तरीतल्या आजीचा आवाज, शेताच्या दुसऱ्या टोकाला हाक घालणाऱ्या बाईचा आवाज, ग्रामपंचायतीत उभी राहून हिशेब मागणारीचा आवाज, नवीन लग्न होऊन आलेलीचा आवाज, हे वेगवेगळे असतात. वयाने, कामाने, धाकाने, हिमतीने आवाज घडतो. 'आवाज खाली ठेव' हे लहानपणापासून आपण किती वेळा ऐकलं? बारीक, गोड, हळू हा बाईचा आवाज, हे आपल्याला शिकवलं गेलं आहे. मुलगी गेम खेळताना तेच पुन्हा ऐकते, हजारो वेळा, प्रत्येक अक्षराबरोबर.

गेमपुरतंच हे नाही. २०१९ साली युनेस्कोने एक अहवाल काढला. फोनमधल्या, घरातल्या बोलणाऱ्या मदतनीस यंत्रांना बाईचाच आवाज का दिला जातो, असा त्यात प्रश्न होता. हुकूम करायचा आणि तिने नम्रपणे 'हो' म्हणायचं, शिवी दिली तरी लाडिक उत्तर द्यायचं, यातून बाई म्हणजे सेवेला हजर असलेली ही समजूत पक्की होते, असं त्या अहवालाने सांगितलं. यंत्राला ना बाईपण असतं ना पुरुषपण. त्याला आवाज देणारी माणसं असतात, आणि त्यांच्या डोक्यात जे असतं तेच यंत्रात उतरतं.

पण दुसरे मार्ग आहेत, आणि ते लोकांनी काढले आहेत. २०१५ साली अमेरिकेतल्या टोबी फॉक्स याने 'अंडरटेल' हा गेम केला. त्यात मुख्य पात्रांना आपापला वेगळा सूर आहे. बाई की पुरुष एवढ्यावर तो ठरवलेला नाही, त्या माणसाचा स्वभाव बघून ठरवलेला आहे. २०१८ सालच्या 'सेलेस्ट' या गेममध्ये मॅडलिन नावाची मुलगी डोंगर चढते, मनातल्या भीतीशी झगडते. तिच्या अक्षरांबरोबर येणाऱ्या आवाजात शब्द नाहीत, पण ती घाबरली, चिडली, थकली, हे कानाला कळतं. म्हणजे तंत्र आड येत नव्हतं. विचार कमी पडत होता.

आता आपल्या भाषेचं बघा. जपानी लिपीतल्या 'काना' अक्षरात सहसा एक अक्षर म्हणजे एक उच्चार. म्हणून अक्षरागणिक सूर त्यांना शोभला. आपली देवनागरी वेगळी. 'स्त्री' हाच शब्द घ्या. तोंडाने आपण तो एका दमात म्हणतो. पण संगणकाच्या हिशेबात त्याचे सहा तुकडे आहेत: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार. इंग्रजीसाठी बनवलेल्या गेममध्ये मराठी नुसती ओतली, तर पडद्यावर आधी 'स', मग 'स्', मग 'स्त' असं तुटत तुटत येणार आणि सहा वेळा 'टिक' वाजणार. स्त्रीचे सहा तुकडे! हसू आलं ना? पण ज्या भाषेत आपण बोलतो ती करणाऱ्याच्या डोळ्यापुढे नसली की असंच होतं. पूर्ण अक्षर धरून सूर लावणं अवघड नाही. फक्त मराठी वाचणारं कुणीतरी तिथे बसलेलं पाहिजे.

पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या कंपनीने २०२० साली 'राजी' नावाचा गेम आणला. भावाला सोडवायला निघालेली सर्कशीतली मुलगी ही त्याची नायिका. दुर्गा आणि विष्णू तिची गोष्ट सांगतात. महाराष्ट्रात घडलेल्या गेममध्ये मुलगी लढते, याचा आनंद आहे. पण तीसुद्धा आधी इंग्रजीत बोलली, हिंदी आवाज २०२२ साली आला.

आपल्या बायांनी आवाज मात्र कधी सोडला नव्हता. जात्यावर बसून त्या ओव्या गात होत्या, पण लिहिणारं कुणी नव्हतं. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगावच्या कार्यकर्त्यांबरोबर त्या गोळा केल्या, तेव्हा एक लाखाच्या वर ओव्या जमल्या. तिथे आवाज होता, अक्षर नव्हतं. गेममध्ये अक्षर आहे, पण आवाज उसना आहे. दोन्ही जुळले की काय होतं, तेही आपल्या देशात दिसलं आहे. १९९६ साली अहमदाबादच्या आयआयएममध्ये ब्रिज कोठारी यांनी एक कल्पना मांडली. टीव्हीवरच्या सिनेमाच्या गाण्याखाली त्याच भाषेत शब्द दाखवायचे आणि गाण्याबरोबर ते रंगत न्यायचे. १९९९ साली गुजराती गाण्यांपासून दूरदर्शनवर सुरुवात झाली. ज्यांची शाळा अर्धवट सुटली त्यांना गाणं ऐकता ऐकता वाचनाचा सराव व्हावा, हा हेतू. कानाला ओळखीचं आणि डोळ्याला नवीन, म्हणून ते मनात बसतं.

आणि जिथे ते जुळत नाही, तिथे काय होतं? पोलीस चौकीत आपण आपल्या बोलीत सांगतो आणि कागदावर भलतंच उमटतं. म्हणून लक्षात ठेवा. तोंडी दिलेली फिर्याद लिहून घेतल्यावर ती फिर्याद देणारीला वाचून दाखवली पाहिजे, मगच सही, आणि तिची प्रत फुकट मिळाली पाहिजे. हे जुन्या कायद्यात कलम १५४ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १७३ मध्ये आहे. वाचून दाखवणं म्हणजे तुमच्या अक्षरांना तुमच्या कानापर्यंत आणणं. ते झाल्याशिवाय अंगठा उमटवायचा नाही.

आता करायचं काय? मोठ्या गोष्टी सांगत नाही.

एक, घरातल्या मुलीच्या शेजारी बसून एकदा गेम बघा आणि विचारा, यात बाई कशी बोलते? कुणाला आवाज आहे, कुणाला नाही? त्या आधी हेही बघा की फोन मुलाच्याच हातात तर नाही ना. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, आपण स्वतः वापरतो असा मोबाइल असणाऱ्या बाया देशात साधारण ५४ टक्केच निघाल्या.

दोन, ज्यांना वाचणं जड जातं त्यांनी मुलींकडून फोनमधली वाचून दाखवण्याची सोय चालू करून घ्या. मराठीही वाचली जाते. आलेला निरोप दुसऱ्याकडून वाचून घ्यायची गरज राहणार नाही.

तीन, कॉलेजच्या मुलींनी एक छोटा गेम स्वतः करावा. 'ट्वाइन', 'स्क्रॅच' ही साधनं फुकट आहेत, 'स्क्रॅच'मध्ये आपले आवाज भरता येतात. गोष्ट आपली घ्या. ग्रामसभेत एक बाई हिशेब मागायला उभी राहते. २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतीत निम्म्या जागा बायांच्या आहेत, तरी बोलतो कोण, हे त्यात दाखवा. तिच्या अक्षरांना बांगडीचा आवाज द्यायचा, जात्याचा द्यायचा, की इथल्याच एखाद्या मावशीच्या घोगऱ्या गळ्याचा, हे तुम्ही ठरवा. मावशींना विचारून ठरवा.

जेवायच्या सुट्टीत मला तुमच्यातल्या तिघी-चौघींचे आवाज हवे आहेत, या मुलींच्या फोनमध्ये भरून ठेवायला. कोण कोण देणार, हात वर करा.