प्रार्थनामंदिरांतील ऑर्गन आणि आपली पायपेटी

दिंडोरी तालुक्यांत कोठेंही हरिनाम सप्ताह असला म्हणजे देवळाच्या सभामंडपांत टाळ-मृदंगाच्या जोडीला पेटी असावयाचीच. तिचा सूर लहानथोरांस इतका परिचयाचा झाला आहे कीं, हें वाद्य साता समुद्रांपलीकडून आलें व त्याचें मूळ घराणें ख्रिस्ती प्रार्थनामंदिरांत नांदत आहे, असें सांगितल्यास कित्येकांस तें खरें वाटावयाचें नाहीं.

त्या घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे नळ्यांचा ऑर्गन. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांत अलेक्झांड्रिया येथील क्टेसिबिअस नांवाच्या कल्पक कारागिरानें पाण्याच्या दाबानें वारा कोंडून नळ्या वाजविण्याची युक्ति काढली. पुढें या वाद्याचा विस्तार होत होत तें एवढें मोठें झालें कीं, तें इमारतींत ठेवलें आहे असें म्हणण्यापेक्षां तें इमारतीचाच एक भाग आहे असें म्हणणें योग्य ठरावें. अमेरिकेंतील प्रिन्स्टन विद्यापीठाचें प्रार्थनामंदिर १९२८ सालीं पुरें झालें. त्यांतील ऑर्गन अर्नेस्ट स्किनर याच्या कारखान्यांतला असून त्याच्या नळ्या हजारोंनीं मोजाव्या लागतात.

अशा विद्यापीठांतून एक रम्य प्रघात आढळतो. आठवड्यांतून एखाद्या ठराविक दिवशीं, दुपारच्या जेवणाच्या सुट्टींत, प्रार्थनामंदिराचे दरवाजे सर्वांस मोकळे असतात आणि अर्धा-पाऊण तास ऑर्गनवादन चालतें. बहुधा तिकीट नसतें. पोथ्या काखेंत मारलेला विद्यार्थी, कचेरींतला कारकून, वाटेवरून सहज आंत आलेला वृद्ध, असे श्रोते बांकांवर विखरून बसतात. बाखची एखादी रचना चालूं असतां कोणी घड्याळ पाहून हळूच उठून गेला, तरी त्याचा कोणास राग येत नाहीं. आपल्याकडे बैठकींतून मध्येंच उठणें म्हणजे गवयाचा अपमान; तेथें मात्र तो शिष्टाचारांतच मोडतो!

वरवर पाहतां ही श्रोत्यांची सोय दिसते. परंतु या प्रघातानें अधिक हित होतें तें वाद्याचें. वाऱ्यावर चालणारें वाद्य वर्षानुवर्षें मुकें राहिलें म्हणजे भात्याचें कातडें सुकून चिरतें, सुरांवर धूळ बसते, पट्ट्या अडकूं लागतात आणि उंदरांचें फावतें. शिवाय वाजविणारा हातही आखडतो, तो निराळाच. आठवड्याचा वार ठरला असला कीं वादकास सराव ठेवावा लागतो, दोष तात्काळ कानावर येतो आणि दुरुस्त करणाऱ्यास बोलावणें धाडावें लागतें.

महाराष्ट्रांतील विद्यापीठांत असा नळ्यांचा ऑर्गन नाहीं. पण त्याच कुळांतील एक वाद्य येथील संगीत रंगभूमीनें आपलेंसें केलें. १८४२ सालीं पॅरिसच्या अलेक्झांद्र दबें यानें हार्मोनियमचें पेटंट घेतलें. त्यांत नळ्यांची जरुरी नव्हती. पितळेच्या पातळ जिभांमधून वारा गेला कीं सूर निघे. अमेरिकन कारागिरांनीं भात्याची क्रिया उलट केली. त्यांच्या पायपेटींत वारा बाहेर लोटला जात नाहीं, तर आंत ओढला जातो. त्यामुळें सूर मऊ व भारदस्त निघतो. मराठी नाटकमंडळ्यांनीं 'ऑर्गन' म्हणून उचलला तो हाच. भाता हातानें हालविण्याची पेटी कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या खटपटीनें पुढें आली असें मानतात, आणि देवळोदेवळीं पोंचली ती हीच.

ध्वनिवर्धक नसलेल्या काळांत ऑर्गनचें महत्त्व केवढें होतें, याची कल्पना आज येणें कठीण. रंगमंचाच्या पुढें, नटाकडे तोंड करून वादक बसे. दोन्ही पाय आळीपाळीनें भात्यावर, त्यामुळें दोन्ही हात मोकळे. गुडघ्यानें दांडी दाबून आवाज चढवावयाचा अथवा उतरवावयाचा. तिसरी घंटा झाली, नांदीचा सूर भरला, कीं शेवटच्या रांगेंतल्या प्रेक्षकाचीही कुजबूज थांबे. बालगंधर्वांना ऑर्गनची साथ हरिभाऊ देशपांडे करीत. श्वास घेण्यासाठीं गायक क्षणभर थांबला तरी खालचा सूर तुटत नसे, आणि गाणें अखंड चाललें आहे असाच भास होई.

या वाद्यांत एक वैगुण्य आहे, व तें झांकण्यांत अर्थ नाहीं. त्याच्या सप्तकाचे बारा समान भाग पाडलेले असतात. तानपुऱ्याच्या तारेंतून जो स्वयंभू गांधार कानीं पडतो, त्याहून पट्टीचा गांधार अर्ध्या स्वराच्या सुमारें सातव्या हिश्शानें चढा बोलतो. मींड तर पट्टीवर निघतच नाहीं. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल व इंग्रज न्यायाधीश क्लेमेंट्स यांनीं श्रुतींच्या हिशेबानें सूर लावलेल्या हार्मोनियमचा पुरस्कार केला. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेंत ती पेटी मांडली गेली, पण जमलेल्या गवयांचें समाधान झालें नाहीं. पुढें नभोवाणीनें १ मार्च १९४० पासून हार्मोनियमला आपल्या केंद्रांतून रजाच दिली. रवींद्रनाथ ठाकूर यांच्यासारखा थोर पुरुषही त्या बंदीच्या बाजूचा होता. ती १९७१ सालीं सैल झाली, आणि तीही सर्वस्वीं नव्हे.

विद्वानांचे हे वाद चालले असतां गंधर्व नाटक मंडळीनें मात्र आपल्यापुरता तोड काढला होता. ऑर्गनच्या शेजारीं कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान तिरखवांचा तबला! ऑर्गननें सुराची भिंत उभी करावी आणि पट्टीला जें साधत नाहीं तें सारंगीनें गळ्याच्या पाठोपाठ जाऊन भरून काढावें. एका वाद्याचें उणें दुसऱ्यानें सांवरलें, बंदीची जरूर पडली नाहीं. या प्रश्नाचें इतकें समजूतदार उत्तर कोणत्याही परिषदेनें दिलेलें नाहीं.

नाटकमंडळ्या मोडल्या, आणि ऑर्गनचा रोजचा व्यवहार संपला. आज पायपेटी ऐकूं येते ती एखाद्या जुन्या नाटकाचा प्रयोग लागला अथवा नाट्यपदांची मैफल झाली तरच. नवे ऑर्गन सहसा होत नाहींत. जुन्याचा भाता बदलून देणारा कारागीर शोधावा लागतो. अशा वेळीं त्या परदेशीय प्रघाताचें अनुकरण करण्यास फारसा खर्च नाहीं. नाशिकच्या एखाद्या महाविद्यालयाच्या सभागृहांत एक चांगली पायपेटी ठेवावी. आठवड्यांतून एक दुपार ठरवावी. शेजारीं सारंगी मिळाल्यास उत्तम, न मिळाल्यास नुसता तबला चालेल. 'मानापमाना'तील गोविंदराव टेंब्यांच्या चाली अथवा 'स्वयंवरा'तील भास्करबुवा बखल्यांच्या चाली अर्धा तास वाजवाव्या. दिंडोरीहून सकाळच्या मोटारीनें शिकावयास आलेल्या मुलानें आपला डबा संपवून दारांत उभें राहून ऐकलें, आणि घंटा होतांच निघून गेला, तरी त्याला कोणी अडवूं नये. पुढच्या आठवड्यांत तो आंत येऊन बसेल, आणि सप्ताहांतील पेटीवर बोटें फिरविण्याची संवय असल्यास एखादे दिवशीं पायांनीं भाता चालवूनही पाहील.