उपग्रह आणि कोंबड्यांची जाळी

(रौप्यमहोत्सवी सप्ताहात सोसायटीच्या गच्चीवर झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेले काही उल्लेख गाळले आहेत.)



सेक्रेटरींनी मला विषय दिला 'तंत्रज्ञान आणि समाज' आणि वेळ दिली पंधरा मिनिटं. दूरसंचार खात्यात छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाच्या हातात माईक दिला की काय होतं, हे त्यांना ठाऊक असावं. घाबरू नका. खाली मसालेभात तयार झालाय, हे मलाही वासावरून कळलंय.

आज मोबाईलबद्दल बोलणार नाही. एका जाळीबद्दल बोलणार आहे. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ना, ती तारेची जाळी.

विक्रम साराभाई हे नाव तुम्हाला माहीत आहे. केरळात थुंबा नावाचं मच्छिमारांचं गाव आहे. तिथल्या चर्चमध्ये ऑफिस थाटून या माणसाने आपला अवकाश कार्यक्रम सुरू केला. २१ नोव्हेंबर १९६३ ला तिथून पहिलं रॉकेट उडालं. तेव्हा लोक विचारायचे, आणि रास्तच विचारायचे, की ज्या देशाला धान्य बाहेरून आणावं लागतं त्याला रॉकेटं कशाला हवीत? साराभाईंचं म्हणणं साधारण असं होतं: चंद्रावर माणूस पाठवण्यात श्रीमंत देशांशी आपल्याला शर्यत लावायची नाही, पण प्रगत तंत्रज्ञान आपल्या माणसांच्या खऱ्या अडचणींसाठी वापरण्यात मात्र आपण कुणाच्याही मागे राहता कामा नये.

बोलायला सोपं आहे. करायचं कसं?

साराभाईंनी गणित उलटं मांडलं. टीव्ही आधी शहरात, मग तालुक्याला आणि उरलासुरला गावात, हा नेहमीचा रस्ता. ते म्हणाले, उपग्रहाला शहर काय आणि वाडी काय, सारखंच. मग सुरुवात शेवटच्या गावापासून का नको? १९६९ मध्ये अमेरिकेच्या नासाशी करार झाला. त्यांचा एटीएस-६ हा उपग्रह एक वर्ष आपल्याला वापरायला मिळणार होता. साराभाई १९७१ च्या डिसेंबरात गेले, वय अवघं बावन्न. पण काम थांबलं नाही. १ ऑगस्ट १९७५ ला ते सुरू झालं. सहा राज्यांतली २४०० गावं! राजस्थान, बिहार, मध्य प्रदेश, ओरिसा, आंध्र आणि कर्नाटक. गावं मुद्दाम मागास भागातली निवडली होती. आपलं महाराष्ट्र त्यात नव्हतं, पण या प्रयोगाचे प्रोग्रॅम मॅनेजर होते मूळचे कोल्हापूरचे एकनाथ वसंत चिटणीस. हे नाव आपल्या मुलांना ठाऊक नसतं, म्हणून मुद्दाम सांगतो.

आता जाळी. त्या काळी उपग्रहाचा सिग्नल घ्यायचा म्हणजे अवाढव्य यंत्रणा लागायची. जुन्नर तालुक्यात आर्वीचं भूकेंद्र ज्यांनी पाहिलंय त्यांना ती पांढरी थाळी आठवत असेल. तशी थाळी गावोगाव कशी लावणार? म्हणून आपल्या इंजिनिअरांनी साधारण दहा फूट व्यासाचा सांगाडा केला, त्यावर कोंबड्यांची जाळी ताणली आणि तो शाळेजवळ किंवा पंचायतीजवळ उभा केला. सिग्नल तब्बल छत्तीस हजार किलोमीटरवरून यायचा आणि खाली त्याला झेलायला ही जाळी! वीज नव्हती तिथे सेट बॅटरीवर चालवले. मी खात्यात लागलो तेव्हा एका सिनियरने मला हे सांगितलं. मला वाटलं, नवख्याची फिरकी घेतायत.

रोज चार तास कार्यक्रम असायचे. सकाळी शाळेतल्या मुलांसाठी आणि संध्याकाळी मोठ्यांसाठी. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन, बातम्या, थोडी करमणूक. भाषा चार: हिंदी, कन्नड, तेलुगू, उडिया. सेट बिघडला की दुरुस्तीला माणूस धाडायची व्यवस्था आधीच उभी केली होती. खात्यातला माणूस म्हणून माझा सलाम आकाशातल्या उपग्रहापेक्षा या दुरुस्तीवाल्यांना जास्त. लावणं एक दिवसाचं काम असतं, चालू ठेवणं रोजचं.

उपयोग झाला का? काही गावांत अभ्यासक मुक्कामाला राहिले आणि लोक काय बघतात, काय घेतात, याच्या नोंदी केल्या. नवलाई ओसरल्यावर गर्दी कमी झाली. शाळेतली पटसंख्या काही लक्षात येण्यासारखी वाढली नाही. पण ज्यांना लिहितावाचता येत नव्हतं, विशेषतः बायका, त्यांना आरोग्याची बरीच नवी माहिती मिळाली.

आणि एक उणीव होती. ती मला आज जास्त खुपते. गावाला ऐकू येत होतं, पण गावाला बोलता येत नव्हतं. आणीबाणीचं वर्ष होतं ते, त्यामुळे काय ऐकवलं जात असेल हे वेगळं सांगायला नको. त्याच सुमारास गुजरातेत खेडा जिल्ह्यात, पिज या गावी छोटं प्रक्षेपण केंद्र निघालं. तिथे कॅमेरा गावात नेला. शेतमजूर, बायका स्वतःच्या मजुरीबद्दल, जातीच्या जाचाबद्दल स्वतः बोलल्या. माझ्या मते खरं पाऊल ते होतं.

एक वर्षाने, ३१ जुलै १९७६ ला, प्रयोग संपला. उपग्रह नासाने परत नेला. कित्येक गावांत पडदा काळा झाला, आणि आपला स्वतःचा इन्सॅट-१बी नीट कामाला लागेपर्यंत १९८३ साल उजाडलं.

आता आपल्या गच्चीवर येतो. दोन वर्षांपूर्वी सोसायटीचं अ‍ॅप घ्या म्हणून कमिटीत सर्वांत जास्त आरडाओरडा कुणी केला? मी. मेंटेनन्स, गेटची नोंद, पाण्याची सूचना, सगळं फोनवर. जिन्याखालचा काळा फळा मीच काढायला लावला, 'विद्रूप दिसतो' म्हणून. मे महिन्यात टाकी धुवायची होती. सूचना अ‍ॅपवर टाकली, ग्रुपवर टाकली. ए विंगमधल्या तळमजल्याच्या आजींकडे साधा फोन. दोन दिवस त्यांच्या घरी पाण्याचा थेंब नव्हता, आणि आपल्या शंभरेक माणसांपैकी एकालाही ते कळलं नाही. तिसऱ्या दिवशी आमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी सांगितलं. त्यांनाच गेटवर 'अ‍ॅपवर एंट्री नाही' म्हणून वीस मिनिटं उभं केलं होतं, ही गोष्ट वेगळी.

मी माफी मागायला गेलो तेव्हा आजी म्हणाल्या, "अहो, तुम्ही सांगितलं असेल हो. पण मी विचारायचं कुणाला?"

ग्रुप आपण 'फक्त अ‍ॅडमिन' करून ठेवलाय. गुड मॉर्निंगचा पाऊस थांबला, हे बरंच झालं. पण आजींचा प्रश्न त्याच्याबरोबर बाहेर राहिला.

अ‍ॅप काढा असं मी म्हणत नाही. अ‍ॅप राहू दे. कमिटीने परवा दोन ठराव केले, ते आज जाहीर करायची परवानगी घेतली आहे. ग्रुप रविवारी संध्याकाळी सात ते नऊ सगळ्यांसाठी खुला राहील. आणि फळा परत जिन्याखाली लागेल, प्रत्येक विंगला एक. रोज त्यावर लिहायचं आणि ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांचं दार वाजवायचं, यासाठी प्रत्येक विंगला एक माणूस हवाय. बी विंगचं नाव मी माझंच देऊन टाकलंय. ए आणि सी रिकाम्या आहेत. जेवायला खाली उतराल तेव्हा जिन्यापाशी वही ठेवली आहे, पेनही बांधलंय.