ज्ञान मुक्त, श्रम फुकट नव्हेत
(विज्ञान शाखेतील तरुणींच्या शिबिरात केलेले भाषण)

मी भौतिकशास्त्र शिकले आणि आता मुक्त सॉफ्टवेअरचं काम करते. 'मग एवढं शिक्षण वाया गेलं म्हणायचं का?' असं घरीदारी विचारतात. मला तसं वाटत नाही. प्रयोग असा लिहून ठेवायचा की दुसरीलाही तो करून पाहता यावा, हा विज्ञानाचा पहिला धडा. मुक्त सॉफ्टवेअरचंही हेच तत्त्व: प्रोग्रॅम उघडा ठेवायचा. कुणीही तो वाचावा, तपासावा, सुधारावा, वाटावा.

यातलं कितीतरी काम विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीच उभं केलं. फर्नांदो पेरेझ यांनी २००१ साली भौतिकशास्त्रात संशोधन करताना 'आयपायथॉन' लिहायला घेतलं. आजचं 'ज्युपिटर' त्यातूनच वाढलं. आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीची निरीक्षणं 'कासा' या मुक्त प्रोग्रॅमवर तपासता येतात.

पण प्रयोगशाळेत प्रोग्रॅम लिहिणं, त्यातल्या चुका काढणं, नवख्यांसाठी माहितीपत्रक करणं ही बहुतेकदा 'मदत' समजली जाते. मोजले जातात ते शोधनिबंध. ओळखीचं वाटतं ना? घरकामाचंही असंच. सगळं त्यावर चालतं आणि ते कामात धरलं जात नाही.

शिवाय दार उघडं ठेवलं म्हणजे सगळ्यांना आत येता येतं असं नाही. २००६ साली गूगलच्या उन्हाळी योजनेत 'ग्नोम' या मुक्त प्रकल्पाकडे १८१ अर्ज आले. त्यात एकाही बाईचा नव्हता. रात्री जागून, हौसेने, बिनपैशाचं काम करणाऱ्याचं नाव आधी होतं, मग त्याच्याकडे पगाराचं काम येतं. त्या वेळी स्वयंपाकघर कोण आवरत असतं, हे तुम्हाला सांगायला नको. ग्नोमने त्याच वर्षी खास स्त्रियांसाठी मानधनाची योजना काढली. त्या प्रयत्नातूनच पुढे 'आउटरीची' उभी राहिली. म्हणजे बायकांना गती नव्हती असं नाही, सोय नव्हती.

म्हणून तुम्हाला तीन गोष्टी सांगते. लिहिलेला प्रोग्रॅम आपल्या नावाने नोंदवा. 'झेनोडो'वर त्याला क्रमांक मिळतो आणि शोधनिबंधासारखा त्याचा संदर्भ देता येतो. मार्गदर्शकांना सुरुवातीलाच विचारा, या कामाचं श्रेय कुणाला? आणि मानधनाची जागा असेल तिथे संकोच न करता अर्ज करा. ज्ञान सर्वांचं असावं, हा आपलाच आग्रह आहे. ते ज्यांच्या श्रमातून उभं राहतं, त्या श्रमांची मोजदाद व्हावी, हाही आपलाच आग्रह हवा.