पन्हाळा ते पावनखिंड : रात्रीची वाट

आपल्या बेळगाव-निपाणीकडची मुलं पावसाळ्यात पन्हाळा-पावनखिंड चालायला जातात. तुमच्याही घरातलं कुणी गेलं असेल. ही मोहीम बहुधा दोन दिवसांची. रात्री वाटेवरच्या वाडीत मुक्काम, गरम आमटी-भात. मला विचाराल तर खरी मोहीम त्या मुक्कामातच निसटते.

जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा चुकवून महाराज विशाळगडाकडे निघाले ते रात्री, भर पावसात. पौर्णिमेच्या सुमाराची रात्र. पण आषाढातल्या ढगांआडचा चंद्र उजेड तो काय देणार! मसाई पठारावर धुकं उतरलं की पुढच्याची पाठ दिसत नाही, निसरड्या दगडावर पाय पडतो तो अंदाजानं. त्यात खांद्यावर पालखी. बाजीप्रभू, शिवा काशीद ही नावं आपल्याला पाठ आहेत. पालखीच्या एका तरी भोयाचं नाव तुम्हाला सांगता येईल?

यंदा मित्रांबरोबर जाणार असाल, तर जाणता वाटाड्या घेऊन निदान पठार तरी रात्री ओलांडा. एक जड बोचकं आळीपाळीनं वाहा. आणि खांदा बदलायला न सांगता कोण पुढं येतो, तेवढं बघून ठेवा.