सह्याद्रींतील वनवाटा

वाघ म्हटला कीं मनुष्याच्या डोळ्यांपुढें एखादें घनदाट अरण्य उभें राहतें. तेवढें अरण्य राखून ठेविलें आणि त्यांतील शिकार बंद केली, म्हणजे वाघाची कायमची सोय झाली, असा चांगल्या सुशिक्षित माणसाचाहि समज असतो. परंतु वाघाच्या जीवनक्रमापुढें हा हिशेब अपुरा पडतो. वाघाचें पिल्लूं सुमारें दोन वर्षांचें झालें कीं आईपासून विभक्त होतें व स्वतःच्या मुलखाच्या शोधांत निघतें. मादी पिल्लें बहुधा आईच्या आसपासच ठाव धरतात. नर मात्र दूरदूर जातात. त्यांना जावयास वाट उरली नाहीं, तर अरण्य समुद्रांतील बेटासारखें एकाकी होतें. तेथील मोजके वाघ आपसांतच संतति वाढवूं लागतात आणि वंश पिढ्यानुपिढ्या दुबळा होत जातो. एखाद्या सांथींत ते नाहींसे झाले, तर त्यांची जागा घेण्यास दुसरा कोणी येऊं शकत नाहीं.

महाराष्ट्रांत हा प्रश्न सह्याद्रीच्या माथ्यावर प्रत्यक्ष उभा आहे. कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० सालीं सह्याद्रि व्याघ्र प्रकल्प स्थापन झाला. त्याचें क्षेत्र सुमारें १,१६५ चौरस किलोमीटर असून तें सातारा, सांगली, कोल्हापूर व रत्नागिरी या चार जिल्ह्यांत पसरलेलें आहे. धरण आणि अभयारण्य यांच्यापायीं चांदोलीच्या खोऱ्यांतील अनेक गांवें उठलीं. लोकांनीं पिढीजात घरें व शेतें सोडलीं. हें मोल त्यांनीं मोजलेलें आहे, याचा विसर पडतां कामा नये. त्यांच्या जुन्या शेतांवर आतां गवत वाढतें आणि गवे व सांबरें तेथें चरतात. तें गवत झुडपांखालीं गुदमरूं न देणें, हेंहि वनरक्षणाचेंच काम होय. कारण जेथें चारा नाहीं तेथें हरिण नाहीं, आणि जेथें हरिण नाहीं तेथें वाघ ठरत नाहीं.

चारा राखला, तरी वाघ यावयाचा तो दक्षिणेकडून. कर्नाटकांतील काळी नदीच्या खोऱ्यांत वाघांची नांदती वस्ती आहे. तेथून भीमगड, गोव्यांतील म्हादई, मग तिळारी, आंबोली, राधानगरी आणि विशाळगड अशी डोंगराची सांखळी उत्तरेस चांदोलीपर्यंत येते. ही वाट केवळ नकाशावरची नव्हे. २०१८ सालीं चांदोलींत स्वयंचलित कॅमेऱ्यानें एका वाघाचें चित्र टिपलें. पुढें २०२२ सालीं राधानगरींत दिसलेला एक नर वाघ २०२३ च्या डिसेंबरांत चांदोलींत आढळला. प्रत्येक वाघाच्या अंगावरील पट्टे निराळे असतात, त्यावरून तो तोच हें ओळखतां आलें. या प्रवासांत त्याला अखंड अरण्य कोठून मिळणार? मध्यें गांवें आहेत, ऊंसाचे मळे आहेत, बॉक्साईटच्या खाणी आहेत. कोठें खाजगी रान, कोठें काजूची बाग, तर कोठें गांवानें राखलेली देवराई.

असे दुवे राखण्यासाठीं वन्यजीव कायद्यांत २००२ सालीं दुरुस्ती होऊन ‘संवर्धन राखीव’ हा नवा प्रकार आला. सरकारी मालकीची जी भूमि दोन संरक्षित वनांना जोडते, ती स्थानिक लोकांशीं विचारविनिमय करून या प्रकारांत घेतां येते. तिच्या व्यवस्थेच्या समितींत ग्रामपंचायतीचे प्रतिनिधि असतात आणि कोणाला गांव सोडावें लागत नाहीं. तिळारीचें क्षेत्र २०२० सालीं असें राखीव झालें. त्याच वर्षाच्या अखेरीस राज्याच्या वन्यजीव मंडळानें आंबोली-दोडामार्ग, चंदगड, आजरा-भुदरगड, गगनबावडा, पन्हाळगड व विशाळगड या क्षेत्रांनाहि संमति दिली. मात्र खाजगी रान या प्रकाराच्या कक्षेबाहेर राहतें, आणि वाघाला सातबारा वाचतां येत नाहीं.

दुसरी अडचण रस्त्यांची. आंबा, करूळ, फोंडा, आंबोली या घाटांतील रस्ते ही सांखळी ठिकठिकाणीं आडवी छेदतात. यावर तोड नाहीं असें मात्र नव्हे. नागपूरहून शिवनीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग पेंचच्या वनांतून जातो. तो रुंद करतांना महाराष्ट्राच्या हद्दींत नऊ ठिकाणीं रस्ता खांबांवर उचलून खालून वाट मोकळी ठेवण्यांत आली. यांतील वाटा ५० मीटरपासून ७५० मीटरपर्यंत रुंद आहेत. २०१९ च्या मार्च ते डिसेंबर या काळांत कॅमेरे लावून पाहिलें, तेव्हां अठरा जातींचे वन्यप्राणी तेथून जातांना आढळले. त्यांत अकरा वाघ होते, व त्यांनीं ८९ वेळां ये-जा केली होती. वाट ठेवली तर प्राणी ती वापरतात, याला याहून वेगळा पुरावा नको.

तथापि सर्वांत नाजूक दुवा रस्त्याचा नव्हे, तर मनुष्याच्या मनाचा आहे. २०२० च्या जानेवारींत म्हादईच्या अभयारण्यांत एक वाघीण व तिचीं तीन पिल्लें विषप्रयोगानें मेलेलीं सांपडलीं. त्या आधीं वाघानें गुरें मारलीं होतीं. संबंध सांखळींत जेथें वाघीण पिल्लें वाढवीत होती, असा एक मोलाचा ठाव त्या एका घटनेनें उजाड झाला. ज्याची दुभती म्हैस गेली, त्याच्या घरचा संसार त्याच दिवशीं अडतो. भरपाईचा कागद कचेरींत महिनोन्‌महिने पडून राहिला, तर वाघाविषयीं त्याला ममत्व कोठून वाटणार? तेव्हां वेळेवर मिळालेली भरपाई व रात्रीं गुरांसाठीं भक्कम गोठा, हीं देखील वनवाटेचींच अंगें समजलीं पाहिजेत.

ताडोब्याकडील वाघिणी आणून सह्याद्रींत सोडण्याचा उपक्रम २०२५ सालीं सुरू झाला आहे, आणि नर वाघ येऊनहि वंश वाढत नव्हता तेथें तो अवश्यच होता. परंतु वाघीण वाहनांतून आणतां येते. तिच्या पिल्लांना उद्यां जावयाची वाट मात्र भूमीवरच असावी लागते. ती वाट शाहूवाडी, भुदरगड, आजरा व चंदगड येथील शेतकऱ्यांच्या बांधांवरून जाते. त्यांचें नुकसान शहरांनींहि आपलें मानलें, तरच ती मोकळी राहील.